लहान मुले आणि जोडशब्द



आजच्या विषयाचे नाव बाहेरच्या फलकावर वाचून आमच्या एका स्नेह्याने दारातच आम्हांला अडवले. म्हणाले, "काल इथे उपनिषदांवर व्याख्यान झाले, उद्या अर्थकारणावर आहे, आणि आज मध्येच तुम्ही दुसरीतल्या पोरांचे जोडशब्द घेऊन उभे राहणार?" आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, उपनिषद हासुद्धा वाचायला बसणाऱ्याने कधीतरी दुसरी इयत्ता ओलांडलेली असते. ती ओलांडताना कुणाकुणाचा पाय कुठे अडकतो, एवढेच आज सांगायचे आहे. त्यात आमचा स्वतःचा एक अपराधही आहे. तो आम्ही मध्ये मध्ये सांगत जाऊ.

प्रथम एक घोटाळा दूर करू. जोडशब्द म्हटले की पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढे जोडाक्षर येते. जोडाक्षराचा धाक आपण मुलांना फार घालतो. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' यांच्या पाट्या भिंतीवर लागतात, त्यांची घोकणी होते. याउलट देवघर, रामफळ, गवतफूल, हातगाडी असले शब्द सोपे समजून पहिल्याच पुस्तकांत घातले जातात. कारण काय, तर त्यांत जोडाक्षर नाही! परंतु वर्गात तीस-पस्तीस वर्षे कान देऊन बसल्यावर आमचे मत उलट झाले आहे. 'पत्र' वाचताना अडखळणारे मूल एकदा शिकले की शिकले. 'गवतफूल' वाचताना अडखळणारे मूल मात्र आपण हळू वाचणारे, मंद, कच्चे म्हणून बाजूला काढतो, आणि ते नेमके कुठे अडले हे कुणी पाहत नाही.

१९८८ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आम्ही त्या वेळी सोलापुरात एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर होतो. सोलापूरची चादर आपण सर्वांनी अंगावर घेतली आहे. ती विणणाऱ्यांत तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. तेलंगणातून विणकरीसाठी आलेल्या या मंडळींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि थोड्या अंतरावर कन्नड. आमच्या वर्गात अशा घरची बरीच मुले होती. त्यांतली एक मुलगी तोंडी वाचनाच्या परीक्षेला उभी राहिली. फळ्यावर दहा शब्द होते. 'देवघर' तिने दे, व, घ, र असे चार दगड मांडावेत तसे मांडले. 'गवतफूल' तसेच. मग आला 'पाटावरवंटा'. ती थांबली, शब्दाकडे निरखून पाहिले, आणि एकदम धीट आवाजात वाचले, "पाटावर वंटा!"

वर्ग हसला. आणि श्रोतेहो, सांगायला संकोच वाटतो, आम्हीही हसलो. ती खाली बसली. त्यानंतरचे शब्द तिने वाचलेच नाहीत. एप्रिलमध्ये तिच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही शेरा लिहिला : 'वाचन कच्चे. घरी मराठी बोलत जावे.'

आता या मुलीचे चुकले काय, हे जरा शांतपणे पाहू. मराठी आपण लिहितो तशीच वाचतो, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. 'घर' हा शब्द आपण 'घ-र' असा दोन पूर्ण अक्षरांचा लिहितो, परंतु म्हणताना 'घर्‌' म्हणतो. शेवटचा 'अ' आपण गिळतो. लिपीत या गिळण्याची खूण नाही. मूल ते कानाने शिकते. इथपर्यंत ठीक. पण 'गवत' या शब्दाचे काय होते ते पाहा. 'गवत' म्हणताना 'व' पूर्ण, 'त' अर्धा. 'गवतात' म्हणताना मात्र 'व' अर्धा होतो : 'गव्‌तात'. आणि 'गवतफूल' म्हणताना पुन्हा 'व' पूर्ण, 'त' अर्धा : 'गवत्‌फूल'. 'दगड', 'दगडात', 'दगडफूल' यांचेही तसेच. म्हणजे 'गवत' ही तीच तीन अक्षरे पुढे काय आले आहे त्यावरून निरनिराळी म्हणायची. आणि पुढे आलेला 'आत' हा प्रत्यय आहे की 'फूल' हा स्वतंत्र शब्द आहे, हे ओळखल्याशिवाय ती बरोबर म्हणता येत नाहीत. आपण मोठी माणसे हे क्षणार्धात करतो, कारण 'गवत' आणि 'फूल' यांच्यातला सांधा आपल्याला दिसतो. ज्या मुलाला सांधा दिसत नाही त्याने काय करावे? त्याने प्रामाणिकपणे एकेक अक्षर म्हणावे. आणि आपण त्याला मंद म्हणावे.

'पाटावरवंटा' मध्ये तर सांधा फसवा आहे. पाटा आणि वरवंटा हे दोन शब्द जिला ठाऊक नाहीत, परंतु 'पाटावर', 'झाडावर', 'टेबलावर' ही रूपे जिने शंभरदा वाचली आहेत, तिने 'पाटावर' पाशी शब्द तोडला तर ते अडाणीपण नव्हे. ती अक्षरे मांडत नव्हती, ती सांधा शोधत होती. परीक्षेत त्या दिवशी प्रथमच ती खऱ्या अर्थाने वाचत होती, आणि नेमके तेव्हाच आम्ही हसलो. आज तर मराठी घरांतल्याही कितीतरी मुलांनी पाटा पाहिलेला नाही. मिक्सरने तो केव्हाच जिन्याखाली नेऊन ठेवला. तीही मुले हा शब्द असाच तोडतात, हे आम्ही पुढे पाहिले.

जूनमध्ये शाळा उघडली. तिसरीचा वर्गही आमच्याकडेच आला. पहिल्याच आठवड्यात मुलांना एकमेकांच्या घरचे उद्योग सांगायला लावले आणि ते फळ्यावर लिहीत गेलो. विडी, शिलाई, हमाली, असे होता होता आम्ही 'यंत्रमाग' लिहिले. शब्दात चांगले जोडाक्षर, तेही 'त्र' सारखे. ती मुलगी मागच्या बाकावरून फटकन म्हणाली, "यंत्रमाग". आम्ही चमकलो. 'हातमाग' लिहिले, तेही तितक्याच सफाईने. आम्ही विचारले, "हे कसे ग वाचलेस?" ती म्हणाली, "त्यात माग आहे ना, गुरुजी."

त्यात माग आहे ना! मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आमच्या कपाटात होते, त्यातले समासप्रकरण आम्ही अभ्यासले होते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात समास घेतला आहे आणि अर्थाने एकमेकांशी संबंध असलेल्या पदांचाच समास होतो असे म्हटले आहे, हेही आम्हांला माहीत होते. पण या विद्येचा दुसरीतल्या वाचनाशी काही संबंध असेल, असे मनात आले नव्हते. समास म्हणजे आठवी-नववीतली विग्रह पाठ करण्याची गोष्ट, हीच आमचीही समजूत. वास्तविक 'पुरण घालून केलेली पोळी' हा मध्यमपदलोपी समासाचा विग्रह होळीच्या दिवशी आईशेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला डोळ्यांनी दिसत असतो. त्याला फक्त त्याचे नाव ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

तेव्हापासून आम्ही वर्गात जे करू लागलो ते सांगतो. ते आमचे काही मोठे शोध नव्हेत. त्यांत चुकाही पुष्कळ झाल्या.

पहिली चूक म्हणजे अधिकाचे चिन्ह. इंग्रजी शाळांत 'सन' अधिक 'फ्लावर' बरोबर 'सनफ्लावर' असे तक्ते असतात, दोन चित्रे आणि मध्ये अधिक. आम्हीही तसे तक्ते केले. पाणी अधिक घोडा बरोबर पाणघोडा. एका मुलाने घोडा हौदावर पाणी पीत असलेले सुंदर चित्र काढून आणले! शिवाय मराठीत बेरीज सरळ होत नाही. पाण्याचे 'पाण' होते, घोड्याचे 'घोड' किंवा 'घोडे' होते : घोडदौड, घोडेस्वार. कांदा पोह्यांत जाताना 'कांदे' होतो. इंग्रजी शब्द जोडताना बहुधा आहे तसाच राहतो, आपला शब्द मात्र पाहुण्याच्या घरी जाताना कपडे बदलतो. यातली सर्वांत मौजेची जागा म्हणजे गूळ. संक्रांतीच्या 'तिळगूळ' मध्ये गूळ शेवटी आहे, म्हणून त्याचा 'गू' दीर्घ. 'गुळपोळी' मध्ये तोच पुढे आला की ऱ्हस्व. 'सूर्यफूल' आणि 'फुलपाखरू' यांचे तसेच. नेहमीच असे होते असे नाही, दूधभातातले दूध दीर्घच राहते. पण गूळ आणि फूल ही जोडी मुलांना इतकी आवडते की शुद्धलेखनाचा नियम न सांगता ती त्यांच्या हातात बसते. तत्सम शब्दांचे प्रकरण, म्हणजे 'कवी' दीर्घ पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, हे १९६२ साली ठरलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहे. ते लहानांपुढे आणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

अधिकाचे चिन्ह टाकून आम्ही प्रश्नाकडे वळलो. फळ्यावर एकच शब्द लिहायचा : गाडी. मग विचारायचे, "गाडी कसली?" मुले सांगत जातात : बैलगाडी, हातगाडी, मालगाडी, आगगाडी. सगळ्यांत शेवटी 'गाडी' येते, ती रंगीत खडूने लिहायची. दोन दिवसांत मुलांची नजर नवा शब्द दिसला की आधी शेवटाकडे जाते, तिथे ओळखीचे काही सापडते का पाहते, आणि मग मागे येते. सांधा सापडला की उच्चार आपोआप सुधारतो. 'दे-व-घ-र' म्हणणारे मूल 'घर' दिसताच 'देव्‌घर' म्हणते, त्याला कुणी 'व अर्धा म्हण' असे सांगावे लागत नाही. 'घर' या शब्दाचे कुटुंब असेच मोठे : देवघर, माजघर, न्हाणीघर, तिकीटघर. फारसीतून आलेल्या 'खान्या'चेही तसेच. दवाखाना, कारखाना, छापखाना. 'खाना' म्हणजे घर किंवा जागा, जेवणाचा खाणा नव्हे, हे मात्र आधीच सांगून टाकावे. नाहीतर दवाखाना म्हणजे औषध खाण्याची जागा, अशी समजूत होते, आणि ती काढता काढता नाकी नऊ येतात, कारण ती अगदीच चूकही वाटत नाही.

एके दिवशी एका मुलाने विचारले, "गुरुजी, मालगाडीत माल बसतो, मग बैलगाडीत बैल का बसत नाही?" या एका प्रश्नावर आम्ही पूर्ण तास घालवला आणि त्याचा आम्हांला पश्चात्ताप नाही. बैल ओढतो, हात ढकलतो, माल बसतो, आग इंजिनाच्या पोटात असते. जोडशब्दात दोन शब्दांमधले नाते लिहिलेले नसते. ते जगातून आणावे लागते. ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला ते आणता येते. आता आगगाडीचेच घ्या. वाफेची इंजिने जाऊन विजेची आली, तेव्हा आजच्या मुलाला 'आग' कुठे दाखवायची? ती गोष्ट सांगूनच दाखवावी लागते. म्हणून नुसत्या शब्दांच्या याद्या देऊन 'फोड करा' म्हणणे व्यर्थ आहे. यादीतला शब्द मुलाच्या घरातला, गल्लीतला, शेतातला नसेल तर फोड करून त्याच्या हाती दोन टरफले येतात.

सगळ्याच जोडशब्दांना 'कसले' विचारून चालत नाही, हेही अनुभवाने कळले. आईवडील, भाजीभाकरी, केरकचरा, यांत कुणी कुणाचे विशेषण नाही. दोघे शेजारी बसले आहेत. इथे 'आणि' म्हणून पाहावे. 'चहापाणी' म्हटले की चहा, पाणी आणि शिवाय चिवड्याची बशी, हे मुलांनीच आम्हांला सांगितले. व्याकरणात याला समाहार द्वंद्व म्हणतात. बहुव्रीही लहानांना जड, पण गणपतीच्या दिवसांत गजानन आणि लंबोदर ही नावे मूर्तीकडे बोट दाखवून सांगितली की झाले.

आणि काही शब्दांना मुळीच हात लावू नये. फोडण्याचा नाद लागला की मुले सगळेच फोडत सुटतात. 'कानस' मध्ये कान सापडतो. गोगलगाय दूध देत नाही, नाकतोडा कुणाचे नाक तोडत नाही. अशा वेळी हसून सोडून द्यावे. मात्र एकदा 'अजगर' वर वाद झाला. एक मुलगा म्हणाला हा जोडशब्द आहे, 'आज' आणि 'घर'. आम्ही नाही म्हणणार होतो, तेवढ्यात आठवले की तो खरोखरच संस्कृतातला समास आहे : अज म्हणजे बकरा, त्याला गिळणारा तो अजगर. मुलाचे कारण चुकले होते, पण नाक बरोबर होते. अशा मुलाला आपण शून्य गुण द्यायचे काय?

आता त्या मुलीकडे परत येऊ. यंत्रमागानंतर तिचे वाचन झपाट्याने सुधारले. 'एड्लबंडी' हा शब्द तिनेच आम्हांला सांगितला. तेलुगूत 'बंडी' म्हणजे गाडी, 'एड्ल' म्हणजे बैलांची. रेल्वेगाडीला 'रैलुबंडी'. म्हणजे ज्या सांध्यासाठी आम्ही इतकी खटपट करत होतो तो तिच्या आईच्या भाषेत तिला आधीपासून येत होता. फक्त तो मराठीत न्यायचा, हे तिला कुणी सांगितले नव्हते. उलट आम्ही काय सांगितले होते, तर घरी मराठी बोलत जावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे वडील शाळेत आले. यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट आलेले, डोळे तांबारलेले. आम्हांला वाटले, वाचन सुधारले म्हणून भेटायला आले असतील. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही लिहिले तसे आम्ही करतो. पोरीशी घरात तेलुगू बोलायचे नाही असे सगळ्यांना सांगितले आहे. माझे चालते, मला मराठी येते. हिची आई मोडके-तोडके बोलते. पण आमची म्हातारी आहे, तिला एक अक्षर येत नाही. ती आता पोरीशी बोलतच नाही. पोरगी रात्री तिच्याजवळ झोपायची, तीही आता वेगळी झोपते. अजून किती दिवस असे करायचे, तेवढे सांगा."

आमच्या लेखी तो शेरा दोन ओळींचा होता. प्रगतिपुस्तकावर जागा होती म्हणून लिहिलेला. त्या घराने तो हुकूम म्हणून पाळला होता. सात महिने.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, त्याच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, तेव्हा वडिलांनी तो बंद केला. आम्ही म्हातारीला भेटायचे आहे म्हटले. मुलीने बापाकडे पाहिले, त्याने मान हलवली, तेव्हा तिने आत हाक मारावी तसे तेलुगूत काहीतरी म्हटले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "अव्वा वंटिंट्लो आहे." मराठी वाक्यात एक शब्द तसाच राहून गेला होता. ती गोरीमोरी झाली, आणि चूक सुधारावी तशी म्हणाली, "स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात आहे."

आम्ही तिला तो शब्द पुन्हा म्हणायला सांगितले. "वंटिल्लू," ती म्हणाली. "म्हणजे स्वयंपाकघर."

"त्याचे दोन तुकडे होतात का ग?"

ती क्षणभर थांबली. वर्गात हा प्रश्न तिने शंभरदा ऐकला होता, घरात प्रथमच. "होतात," ती म्हणाली. "इल्लू म्हणजे घर. आणि वंट म्हणजे स्वयंपाक."

मार्चमधला तो फळा आमच्या डोळ्यांपुढे आला. आम्ही विचारले, "मग त्या दिवशी परीक्षेत 'पाटावर वंटा' वाचलेस, तेव्हा तुला काय वाटले होते?"

ती खाली पाहत म्हणाली, "पाटावर बसून स्वयंपाक करतात ना, गुरुजी. अव्वा तशीच करते."

तोवर म्हातारी पदराला हात पुशीत दारात येऊन उभी राहिली होती. आम्ही प्रगतिपुस्तक मागून घेतले, शेऱ्याची दुसरी ओळ तिथेच खोडली आणि सही केली. काय खोडले ते मुलीने आजीला तेलुगूत सांगितले. बराच वेळ सांगत होती.